रात्री दातांत घालायची पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

मुंगीला शाळेत सोडलं. दिवसभर लॅबमध्ये. दोन कवळ्या संपवल्या. एक दात परत आला — बाजूच्या दातांपेक्षा पांढरा दिसतो म्हणे. दिसणारच. तोंडातले बाकीचे सगळे साठीचे आणि हा कालचा. संध्याकाळी मुंगीला घेऊन घरी. अंडं, पाव, दूध. तिने निम्मं ठेवलं. भांडी घासली.

धाकटीला, मुंगीच्या आईला, जाऊन आज चार महिने झाले. मुंगीच्या लक्षात होतं का, कळलं नाही. मी विषय काढला नाही, तिनेही नाही. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालावं तशा आम्ही दोघी घरात वावरतो.

शेजारच्या बाई जिन्यात म्हणाल्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते उगीच नाही." चांगल्या मनाने म्हणाल्या. पण ही म्हण ज्याने केली त्याने मावशीला विचारलेलं दिसत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून फोन. मुंगीने बिल्ला परत केला, तोही सगळ्या वर्गासमोर.

बिल्ला त्या धावपटूबाईंच्या मोहिमेचा. भूकंपात घरं गेलेल्या मुलांसाठी त्या तंबूतल्या शाळा चालवतात, आणि इथल्या शाळांमध्ये मुलांची भीती घालवायचं काम. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा भलामोठा फलक आहे. हसताहेत. समोरच्या एका दाताचा कोपरा तुटलेला. पहिल्याच शर्यतीत पडल्या होत्या, तेव्हापासून तो तसाच ठेवलाय. पोरांना तो दात फार आवडतो. खाली लिहिलंय, 'भीतीला मागे टाका.'

परत येताना मुंगीला विचारलं, "का गं दिलास बिल्ला?"

"त्यावर लिहिलंय 'मी भीत नाही'."

"मग?"

"मी भिते ना. खोटं कसं लावायचं?"

"बरं" म्हटलं. फलकापाशी आल्यावर तीच म्हणाली, "त्या खरंच कशालाच भीत नाहीत का गं?"

"मला काय माहीत, मुंगे."

"त्यांना बघितलं की मला जास्तच भीती वाटते. म्हणजे मग मी एकटीच."

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगीचा जबडा सकाळी दुखतो. महिनाभर म्हणत होती, मी दात येत असतील म्हणून सोडून दिलं. दातांच्या लॅबमध्ये जन्म घालवला आणि घरच्या दातांकडे लक्ष नाही. आज खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी गालाच्या आतली पांढरी रेघ दाखवली. चावून चावून उठलेली.

"दातांची झीज फारशी नाही. ही दात खात नाही, दाबून धरते. रात्री जागी असते का?"

"नाही. आडवी झाली की झोपते."

"तुम्हाला आवाज वगैरे येतो?"

"मी दगडासारखी झोपते."

लहान मुलांना त्या पट्टी देत नाहीत, पण हिचे दुधाचे दात बहुतेक पडून गेलेत. म्हणाल्या, दोन-तीन महिन्यांपुरती मऊ पट्टी करा, रात्री घालू दे. माप घेतलं. तोंडात मापाचा लगदा घातल्यावर मुंगीचे डोळे मोठे झाले, पण हूं की चूं नाही. माझा हात मात्र दाबून धरला होता. हाताला नखं उमटलीत.

डॉक्टरीणबाई माप धुताना म्हणाल्या, "हल्ली आठवड्याला दोन पोरं येतात अशी. एकाला लिफ्टची भीती, एकीला परीक्षेची. एक तर दर दहा मिनिटांनी फोनवर बघतो, आई कुठवर आली. आमच्या लहानपणी जबडे दुखायचे ते बोरं खाऊन."

हिला कशाची भीती, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगीच्या बाबांचा जहाजावरून फोन. आवाज तुटत होता. एप्रिलमध्ये येईन म्हणाले. मुंगी "हो", "नाही", "बरी आहे" एवढंच बोलली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बाबांना सांगू नकोस हं." काय सांगू नको, ते मी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज साचा उघडला आणि हात थांबला.

मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडून आलेला. नेहमीप्रमाणे नुसता आकडा, नाव नाही. काम — रात्रीची पट्टी, कडक, वरच्या दातांसाठी. प्लास्टर ओतलं, सुटं केलं, आणि समोर तो दात. कोपरा तुटलेला, तिरका. रोज सकाळ-संध्याकाळ ज्याच्याखालून जाते तोच. लोक चेहरे ओळखतात, आम्ही दात. चुकायची सोयच नाही.

दाढा बघून मात्र बसूनच राहिले. सपाट. जात्याच्या पाळीसारख्या. सुळ्यांची टोकं गेलेली. पस्तिशीच्या बाईच्या तोंडात सत्तरीचे दात. एवढं एका रात्रीत होत नाही. वर्षानुवर्षं कोणीतरी झोपेत स्वतःला दळत राहिल्याशिवाय होत नाही.

लॅबमधला पॉलिशवाला मागून म्हणाला, "काय ताई, कोणाची बत्तिशी एवढी आवडली?"

साचा उलटा करून ठेवला. "तुझी नाही एवढं नक्की."

"माझी बघायला माणूस धाडसी लागतो."

ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हणायचे, तोंडं आपल्याला कळतात, माणसं कळू द्यायची नाहीत. मी आजवर कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच एकीला सांगावंसं वाटलं. एकीलाच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही पट्ट्या एकाच टेबलावर. एक कडक, एक मऊ. एक मोठी, एक माझ्या दोन बोटांएवढी.

चहाच्या वेळी रेडिओवर त्या धावपटूबाई. तंबूतल्या शाळेबद्दल सांगत होत्या. तिथली मुलं छत नको म्हणतात, बाहेर झोपतात. त्या स्वतः तिथे महिनाभर राहिल्या. पॉलिशवाला म्हणाला, "फोटोपुरता पुळका. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे."

एरवी मी हसले असते. आज म्हटलं, "असं काही नसतं."

"ओहो! ताई त्यांच्या बाजूने. ओळख आहे वाटतं?"

खायचे दात माझ्या समोरच होते, फडक्याखाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. मोहिमेचा एक माणूसही होता, चांगला, हसतमुख. पंचवीस तारखेला धावपटूबाई शाळेत येणार. एका मुलीने दोन मिनिटं बोलायचं. मुंगीने.

"आई गेली तरी खचली नाही, हे इतर मुलांनी ऐकावं," बाई म्हणाल्या. "हुशार आहे. मार्क कुठे कमी झालेत?"

तो माणूस म्हणाला, "तिच्याच शब्दांत. आम्ही फक्त थोडं नीट करून देऊ."

मला नाही म्हणता आलं नाही. लोकांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. "विचारते तिला" म्हणून उठले. पण मुंगीला वर्गात आधीच विचारून झालं होतं आणि ती हो म्हणाली होती. मोठ्यांना ती नेहमीच हो म्हणते. बिल्ल्याच्या वेळी काय झालं होतं कोण जाणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगी जेवली नाही. पोटात दुखतं म्हणते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या हातून जे झालं ते या धंद्यात होता कामा नये.

संध्याकाळी दोन्ही पट्ट्या डब्यांत भरत होते. डब्या सगळ्या सारख्याच. तेवढ्यात शाळेतून फोन — मुंगीचं भाषण तयार आहे, तिला पाठ करायला लावा. फोनवर बोलत बोलतच झाकणं लावली. एक डबी पोऱ्याकडे दिली, एक पिशवीत टाकली.

घरी मुंगीने डबी उघडली, पट्टी तोंडात घालून बघितली, आणि काढून हातावर घेतली. "मावशी, ही माझी नाही."

हिसकावून घेणार होते. पण तिने ती उजेडाला धरली होती.

"मोठ्या माणसाची आहे?"

"हो. चुकून आली. दे."

"मोठी माणसं पण दाबतात?"

"काही काही."

"बाई का पुरुष?"

"ते सांगायचं नसतं."

तिने मान हलवली. नियम म्हटला की तिला पटतो. आतून बोट फिरवत राहिली. पुढच्या एका खाचेत बोट थांबलं. "इथे दात तिरका आहे." मग पट्टी नीट डबीत ठेवून, झाकण लावून माझ्याकडे दिली. पाहुण्यांची वस्तू द्यावी तशी.

नंतर तिने चहात बुडवून अख्खा पाव खाल्ला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांची बोलणी खाल्ली. मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांचा सकाळीच फोन आला होता. पेशंट खुर्चीत बसलेली आणि डबीतून निघाली लहान मुलाची पट्टी.

"ताई, तुमच्याकडून? पॉलिशवाल्याकडून झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं."

पॉलिशवाला म्हणाला, "बघा, माझी चूक नसतानाही नाव माझंच."

डॉक्टर चिडले नव्हते म्हणे. उलट सांगत होते, पेशंटने ती लहान पट्टी बराच वेळ हातात धरली होती. विचारत होती, एवढं लहान कोण आहे. डॉक्टर म्हणाले, माहीत नाही.

दुपारी मी स्वतः जाऊन डब्या बदलून आणल्या. लहान पट्टी कागदी रुमालात गुंडाळलेली होती. अशी कोणी गुंडाळून देत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मुंगी भाषण म्हणते. बाजाराची यादी वाचावी तसं. "माझी आई झोपेतच गेली. सुरुवातीला मला खूप भीती वाटायची. पण आता मी भीतीला मागे टाकलं आहे."

त्या सकाळचं सगळं एका ओळीत आलं, "झोपेतच गेली". खरं काय झालं ते मुंगीने फक्त मला सांगितलंय, तेही एकदाच. आई उठली नाही म्हणून ही पावलं न वाजवता उठली. दमली असेल, झोपू दे म्हणून. स्वतःच वेणी घातली, वाकडी. डबा भरला. बूट हातात घेऊन दारापर्यंत गेली. जाताना गालाला हात लावायला परत आली.

ती वाकडी वेणी मी त्या दिवशी सोडवली. त्याच्यावर भाषण होत नाही.

मुंगी थांबून म्हणाली, "मावशी, शेवटची ओळ खोटी आहे ना?"

"हो."

"मग म्हणू?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत गेले आणि नाही म्हणाले.

घरून वाक्यं ठरवून नेली होती, दारातच विसरले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अहो, पत्रिकेत नाव छापलंय तिचं." मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, तिच्याच भल्यासाठी आहे. नको. एवढ्या मोठ्या व्यक्ती येणार, मुलीला आयुष्यभर लक्षात राहील. म्हटलं, म्हणूनच नको. त्यांनी दाताच्या कण्या केल्या, मीही केल्या. शेवटी ठरलं — बोलायचं नाही, फक्त फुलं द्यायची.

मोहिमेचा माणूस जिन्यापर्यंत आला. मला वाटलं रागावलाय. हळूच म्हणाला, "माझा मुलगाही शाळेत जायला घाबरतो. ही भाषणं मीच लिहितो, आणि त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही."

मी म्हटलं, "मलाही नाही सुचत." त्याने दार धरून ठेवलं.

मुंगीला सांगितलं. दप्तर भरताना ती काहीतरी गुणगुणत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

माझाच कान ठणकतोय आज. थंडी बाधली असेल. पाव चावताना कट् कट् आवाज येतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. शाळेचं सभागृह भरलेलं. मी मागे, खांबाजवळ.

धावपटूबाई फलकावर दिसतात त्यापेक्षा बारीक आहेत. बोलल्या चांगलं. तंबूतल्या मुलांचं सांगताना कोणी रडावं असं काही केलं नाही, साधं सांगितलं. शेवटी मात्र म्हणाल्या, "मीसुद्धा लहानपणी भित्री होते. आज मला कशाचीच भीती वाटत नाही." टाळ्या.

मी त्यांच्या कानाखालचा स्नायू बघत होते. वाक्य संपलं की तो उठायचा, मग बसायचा.

मुंगीचं नाव पुकारलं. फुलं घेऊन वर गेली. कडेकडेने, भिंतीला धरून. म्हणूनच तर तिला मुंगी म्हणतो. धावपटूबाई वाकल्या, हसल्या. आणि मुंगी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तुटलेल्या कोपऱ्याकडे. मला तिचं बोट आठवलं, खाचेत थांबलेलं.

तिला कळलं होतं!

आता ही माइकसमोर म्हणणार, तुमची पट्टी आमच्या घरी आली होती. इतक्या वर्षांचं काम, मालकांचं नाव, त्या बाईंची लाज, सगळं त्या पोरीच्या तोंडात.

मुंगीने मागे वळून मला शोधलं. बघितलं. मग त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाली. फार लहान. त्यांचं हसू गेलं. त्या गुडघ्यावर बसल्या, सगळ्यांसमोर, आणि त्यांनीही तिच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याहूनही लहान. फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" म्हणत होता. दोघींनीही बघितलं नाही.

परत येताना मी विचारलं नाही. मुंगी म्हणाली, "सांगायचं नसतं ना?"

"नाही."

"नाही सांगितलं मी."

२६ फेब्रुवारी, बुधवार

मुंगीच्या दप्तरात तो बिल्ला निघाला. धावपटूबाईंनी स्वतःचाच काढून दिला म्हणे. त्यावरचा 'नाही' पेनाने खोडलेला आहे. 'मी भीत' एवढंच उरलंय, वाक्य अर्धवट. मुंगीने तो दप्तराच्या आतल्या बाजूला लावलाय.

पॉलिशवाल्याला फोटो दाखवला, पेपरात आलाय. बराच वेळ बघून म्हणाला, "ही तर हसत नाहीये." मग म्हणाला, "बरी दिसते अशी."

१ मार्च, शनिवार

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मुंगी चिमटे देत होती. आपणहून बोलली.

"मावशी, मी त्यांना काय विचारलं सांगू? पट्टीचं नाही विचारलं."

"सांग."

"विचारलं, रात्री तुमच्याजवळ कोण झोपतं?"

मी चादर झटकायची थांबले.

"त्या म्हणाल्या, कोणी नाही." तिने चिमटा दिला. "मग त्यांना कसं कळतं?"

"काय कसं कळतं?"

"म्हणजे... त्या सकाळपर्यंत आहेत ते. त्यांना झोपेत काही झालं तर कोणाला ऐकू जाणार?"

ती समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं.

"मला तुझं कळतं. तुझे दात वाजतात ना. कर्र कर्र. खूप जोरात. ते वाजत असले की मी झोपते. ज्या दिवशी वाजत नाहीत ना, त्या दिवशी मी जागी राहते. वाजेपर्यंत. तेव्हा मीच माझे दाबून धरते." मग म्हणाली, "आईचे वाजत नव्हते."

चादर वाऱ्याने माझ्या अंगावर आली. मी ती तशीच राहू दिली थोडा वेळ.

"रोज वाजतात?"

"जवळजवळ रोज. आई गेल्यापासून." तिने पुढचा चिमटा पुढे केला. "बरं असतं."

२ मार्च, रविवार

लॅब बंद. किल्ली माझ्याकडे असते. मुंगीला शेजारच्या बाईंकडे ठेवून गेले.

आरशासमोर बसून स्वतःच्या दातांचं माप घेतलं. एकटीने घ्यायला अवघड जातं. प्लास्टर सुटं केलं. दाढा सपाट. पट्टी केली, कडक. कडा घासल्या, पॉलिश केलं, तोंडात घालून बघितली. बरोबर बसली. दात त्यावर घासून पाहिले. काहीच आवाज नाही.

काढली. धुऊन डबीत घातली, झाकण लावलं. डबीवर काही लिहिलं नाही. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवली. तिचे बाबा येईपर्यंत दात पुरतील.

टेबल पुसलं.